घरामागच्या कोंबड्या : नवशिक्यांसाठी पहिल्या दोन वर्षांचे मार्गदर्शन

घरामागे चार-सहा कोंबड्या पाळणे हे रोजच्या अर्ध्या-पाऊण तासाचे काम आहे, मात्र त्याला सुटीचा दिवस नसतो. कोंबडी दिवसा अतिशय चौकस, हालती आणि बोलकी असते. तीच कोंबडी अंधार पडला की जवळजवळ आंधळी होते, दांडीवर बसल्या जागी थिजते आणि कोणी पाय धरून ओढले तरी पळू शकत नाही. पाळणाऱ्याला मिळणारा बहुतेक आनंद या दिवसाच्या पक्ष्याचा असतो आणि होणारे बरेचसे नुकसान रात्रीच्या पक्ष्याचे असते. नवशिके मात्र सगळा विचार दिवसाच्या कोंबडीचा करतात. म्हणून पुढील मार्गदर्शनात पक्षी कोणते आणावेत हा प्रश्न निवाऱ्यानंतर घेतला आहे, आणि प्रत्यक्षातही तोच क्रम पाळावा.

पक्षी आणण्याआधी

आपल्या वस्तीत कोंबड्या पाळण्यास परवानगी आहे का, किती पाळता येतात आणि कोंबडा ठेवता येतो का, हे स्थानिक प्रशासनाकडे विचारून घ्यावे. अंड्यांसाठी कोंबड्याची गरज नसते. कोंबडा नसतानाही कोंबडी तितकीच अंडी घालते, फक्त त्यांतून पिल्ले निघत नाहीत. कोंबडा पहाटेच्या बराच आधी आरवू लागतो आणि दिवसभरही आरवतो, त्यामुळे दाट वस्तीत तो ठेवण्याचा हट्ट करू नये. कोंबडी हा थव्यात राहणारा पक्षी असल्याने एकटी किंवा दोघी पाळू नयेत. सुरुवात तीनपासून करावी, कारण एक दगावली तरी दोघी एकमेकींच्या सोबतीला उरतात.

दुसरा प्रश्न सहसा कोणी पहिल्या दिवशी विचारत नाही. कोंबडीचे भरघोस अंडी देण्याचे दिवस साधारण पहिली दोन वर्षे असतात. त्यानंतर दरवर्षी अंडी कमी होत जातात, पण चांगली निगा असेल तर ती सहा-आठ वर्षे सहज जगू शकते. अंडी बंद झालेल्या कोंबडीचे काय करायचे? ती म्हातारपणापर्यंत सांभाळायची, कापायची की कोणाला द्यायची? यांपैकी कोणतेही उत्तर चुकीचे नाही, मात्र ते पक्ष्यांना नावे ठेवण्याआधी ठरलेले असावे आणि घरातल्या मुलांनाही तेव्हाच सांगितलेले असावे. आपण गावाला गेलो तर संध्याकाळी खुराडे कोण बंद करणार, हेही आताच ठरवावे. सकाळी दार उघडायला उशीर झाला तर कोंबड्या केवळ चिडतात. संध्याकाळी ते बंद करायचे राहिले तर त्या मरतात.

खुराडे

बंदिस्त खुराड्यात प्रत्येक पक्ष्यामागे तीन ते चार चौरस फूट आणि बाहेरच्या जाळीदार आवारात आठ ते दहा चौरस फूट जागा धरावी. जागा याहून कमी पडली की कोंबड्या कंटाळतात, एकमेकींची पिसे उपटू लागतात आणि एकदा रक्त दिसले की चोची मारणे थांबत नाही. सुंदर रंगवलेली, तयार मिळणारी छोटी खुराडी ज्या संख्येसाठी विकली जातात, तिच्या निम्म्याच कोंबड्या त्यांत सुखाने राहतात असे समजावे.

आत बसण्यासाठी आडव्या दांड्या लावाव्यात. प्रत्येक कोंबडीला दांडीवर २० ते २५ सेंटीमीटर जागा लागते. कोंबड्या झोपण्यासाठी सर्वांत उंच जागा निवडतात, म्हणून अंडी घालण्याची खोकी दांड्यांपेक्षा खाली असावीत. अन्यथा त्या खोक्यांतच झोपतात आणि रात्रभराच्या विष्ठेने सकाळची अंडी बरबटतात. चार-पाच कोंबड्यांना एक खोके पुरते. सुमारे ३० सेंटीमीटर लांब, रुंद आणि उंच असे ते खोके काहीसे अंधाऱ्या कोपऱ्यात ठेवावे. जास्त खोकी ठेवली तरी सगळ्या एकाच खोक्यासाठी रांग लावतात, ही त्यांची रीतच आहे.

जमिनीवर लाकडाचा कोरडा भुसा किंवा तूस आठ-दहा सेंटीमीटर जाडीने पसरावे. हवा खेळण्यासाठी झरोके दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर असावेत, म्हणजे दमट हवा आणि अमोनिया बाहेर जातो, पण वाऱ्याचा झोत थेट अंगावर येत नाही. खुराड्यात वाकून श्वास घेतल्यावर डोळे किंवा नाक चुरचुरले, तर तिथे रात्रभर बसणाऱ्या पक्ष्याच्या फुप्फुसांना त्रास होतच असणार, हे उघड आहे. अशा वेळी भुसा त्याच दिवशी बदलावा.

आता जाळीविषयी. षटकोनी छिद्रांची पातळ जाळी कोंबड्यांना आत ठेवते, पण शिकाऱ्याला बाहेर ठेवू शकत नाही. कुत्रा ती फाडतो, घूस कुरतडते, आणि मांजरासारखा प्राणी छिद्रातून पंजा घालून जाळीलगत झोपलेल्या पक्ष्याला ओढतो. त्याऐवजी सुमारे १२ मिलिमीटर चौकोनी छिद्रांची, सांधे जोडलेली जाड तारेची जाळी घ्यावी. ती खिळ्यांनी न ठोकता वॉशर आणि स्क्रूने घट्ट बसवावी. आवाराच्या कडेने ती जमिनीत सुमारे ३० सेंटीमीटर पुरावी, किंवा जमिनीवर बाहेरच्या बाजूला अर्धा मीटरभर आडवी पसरून तिच्यावर दगड-माती टाकावी. उकरणारा प्राणी कुंपणाच्या अगदी बुडाशी उकरतो. तिथे जाळी लागली की मागे सरकून पुन्हा खणावे, हे त्याला सहसा सुचत नाही. दाराला नुसता आकडा पुरत नाही, कडी आणि तिच्यात अडकवलेला हूक असे दुहेरी बंधन हवे. झरोक्यांनाही हीच जाळी लावावी. पैसे कमी पडत असतील तर रंग, छपराची नक्षी आणि पक्ष्यांची संख्या यांत काटकसर करावी, जाळीत करू नये.

पक्षी निवडताना

नवशिक्यांनी १६ ते १८ आठवड्यांच्या तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्या, घ्याव्यात असे माझे स्पष्ट मत आहे. पिल्ले गोजिरवाणी दिसतात, परंतु त्यांना अनेक आठवडे उबेची गरज असते, त्यांच्यात मरतूक जास्त असते, आणि नर-मादी वेगळे केलेले नसतील तर त्यांतली जवळजवळ निम्मी पुढे कोंबडे निघतात. तलंगा काही आठवड्यांतच अंड्यावर येतात. सगळे पक्षी एकाच ठिकाणचे आणि एकाच वयाचे घ्यावेत, आणि कोणत्या लसी केव्हा दिल्या आहेत हे लिहून घ्यावे. डोळे स्वच्छ, नाकपुड्या कोरड्या, गुदद्वाराभोवतीची पिसे स्वच्छ आणि पायांवरचे खवले गुळगुळीत असावेत. खवले उचललेले आणि खरखरीत दिसले तर त्यांखाली माइट, म्हणजे पक्ष्याच्या अंगावर जगणारे बारीक किडे, असण्याचा संभव असतो.

जातीची निवड करताना एक गोष्ट लक्षात घ्यावी. कोंबडीची पूर्वज असलेली लाल रानकोंबडी वर्षभरात जेमतेम दहा-पंधरा अंडी घालते, तर आजच्या संकरित अंडी-जाती वर्षाला २५० ते ३०० अंडी देतात. एवढ्या कवचांसाठी लागणारे कॅल्शियम त्या लहान शरीरातूनच जाते, आणि अंडे अडकणे, अंडनलिकेचा दाह, पोटात बलक साठणे हे विकार अशा जातींत अधिक दिसतात. गावठी किंवा अंडी आणि मांस अशा दुहेरी उपयोगाच्या जाती कमी अंडी देतात, पण सहसा अधिक काटक असतात. रोज प्रत्येकीचे अंडे हवे असेल, तर त्या कोंबडीची साथ कमी काळ मिळण्याची तयारी ठेवावी.

पक्षी आणल्यावर पहिले पाच-सात दिवस त्यांना खुराड्यात आणि लगतच्या बंद आवारातच ठेवावे. हेच आपले घर, ही खूण पटली की त्यानंतर बाहेर सोडलेल्या कोंबड्या अंधार पडण्यापूर्वी आपण होऊन परततात.

पिल्लांपासूनच सुरुवात करायची असेल, तर पहिल्या आठवड्यात त्यांच्या पातळीला ३२ ते ३५ अंश सेल्सिअस तापमान ठेवावे आणि दर आठवड्याला सुमारे तीन अंशांनी ते कमी करत न्यावे. अंगावर पूर्ण पिसे यायला सहा आठवडे लागतात. थर्मामीटरपेक्षा पिल्लांकडे पाहणे अधिक उपयोगी ठरते. ती दिव्याखाली एकमेकांवर चढत असतील तर त्यांना थंडी वाजते आहे, दिव्यापासून दूर कडेला पंख पसरून धापा टाकत असतील तर उकडते आहे, आणि सगळीकडे विखरून टिपत असतील तर सर्व ठीक आहे. उष्णतेचा दिवा साखळीने आणि आणखी एका स्वतंत्र आधाराने बांधावा, कारण कोरड्या भुशात पडलेला दिवा पिल्लांबरोबर घरही जाळू शकतो.

दाणा आणि पाणी

मोठी कोंबडी दिवसाला सुमारे १०० ते १२० ग्रॅम खाद्य खाते. पिल्लांना १८ ते २० टक्के प्रथिनांचे स्टार्टर खाद्य द्यावे, आणि अंड्यावर आल्यानंतर सुमारे १६ टक्के प्रथिने व साडेतीन ते चार टक्के कॅल्शियम असलेले लेयर खाद्य सुरू करावे. लेयर खाद्य पिल्लांना देऊ नये, कारण त्यातले जादा कॅल्शियम त्यांची मूत्रपिंडे बिघडवते. शिंपल्यांचा चुरा वेगळ्या भांड्यात ठेवावा. ज्या कोंबडीला गरज असते ती तो स्वतःहून टिपते. कोंबडीला दात नसल्याने दाणे तिच्या मांसल जठरात गिळलेल्या खड्यांच्या साहाय्याने दळले जातात, म्हणून बंद आवारातल्या पक्ष्यांना बारीक खडेही द्यावेत.

स्वयंपाकघरातले उरलेसुरले अन्न हे खाद्याला पर्याय नाही. दिवसाच्या आहाराच्या दहाव्या भागाहून ते जास्त नसावे. अॅव्होकाडो, चॉकलेट, कच्चे वाळलेले राजमे आणि खारट पदार्थ देऊ नयेत. बुरशी आलेला दाणा तर कधीच देऊ नये. ‘कोंबड्या काहीही पचवतात’ हा समज बुरशीतल्या अफ्लाटॉक्सिनपुढे टिकत नाही. त्या विषाने यकृत जाते आणि बाहेरून कळेपर्यंत उशीर झालेला असतो. खाद्य झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावे, म्हणजे उंदीर येणार नाहीत आणि उंदरांमागून सापही येणार नाहीत.

पाणी दिवसभर हवे. एका कोंबडीला साधारण पाव लिटर लागते आणि कडक उन्हात त्याच्या दुप्पट. काही तास पाणी न मिळाल्याचा परिणाम पुढे अनेक दिवस अंड्यांवर दिसतो.

रोजची फेरी

सकाळी दार उघडल्यावर लगेच कामाला न लागता दोन मिनिटे उभे राहावे. कोण आधी बाहेर येते, कोण मागे राहते, कोणाची मान आखडलेली आहे, कोणाचा तुरा फिकट किंवा निळसर दिसतो, हे पाहावे. दाण्यावर न धावणारी कोंबडी हा आजाराचा पहिला आणि बहुधा सर्वांत खात्रीचा इशारा असतो. आजारी दिसणाऱ्या पक्ष्याला थव्यातल्या इतर कोंबड्या टोचतात आणि शिकारीही हेरतात, त्यामुळे कोंबडी दुखणे शक्य तितके लपवते. नीट पाहिले नाही तर ‘काल ठणठणीत होती आणि आज मेली’ असे वाटते. प्रत्यक्षात ती बरेच दिवस आजारी असते.

याच दोन मिनिटांत या छंदाची खरी गोडीही सापडते. थव्यातली मानाची उतरंड नॉर्वेचे प्राणिशास्त्रज्ञ थोरलीफ शेल्डरुप-एब्बे यांनी कोंबड्यांचेच निरीक्षण करून १९२०च्या दशकाच्या प्रारंभी मांडली. कोणी कोणाला टोचावे आणि कोणी निमूट बाजूला व्हावे हे ठरलेले असते, आणि सहा पक्ष्यांच्या थव्यातही ते स्वच्छ दिसते. अळी सापडलेली कोंबडी ती गुपचूप न खाता तोंडात धरून पळत सुटते आणि त्यामुळेच सगळ्या तिच्यामागे लागतात. अंडे घालून झाल्यावर आवार दणाणून सोडणारा कलकलाट होतो, आणि बऱ्याचदा त्यात अंडे न घातलेल्याही सामील होतात. दुपारी कोरड्या मातीत खड्डा करून त्या आडव्या पडतात, पाय झाडतात आणि पिसांत धूळ भरून घेतात. पहिल्यांदा हे दृश्य पाहणाऱ्याला कोंबडीला झटका आला असे वाटते, पण उवा आणि माइट यांपासून ही तिची स्वतःची चिकित्सा असते. बंद आवारात कोरडी माती आणि थोडी राख भरलेला उथळ खोका अवश्य ठेवावा.

संध्याकाळी दार लावताना पक्षी मोजावेत. अंदाज घेऊ नये, दांडीवरचा प्रत्येक पक्षी मोजावा. आठवड्यातून एकदा प्रत्येक कोंबडी हातात घेऊन तिचे वजन, पंखाखालची आणि गुदद्वाराभोवतीची त्वचा, तळपाय आणि गळ्याखालची अन्नपिशवी तपासावी. ही पिशवी रात्री भरलेली आणि सकाळी रिकामी असायला हवी. सकाळीही ती टणक लागली तर अन्न अडकले आहे, असे समजावे.

अंडी आणि अंड्यांचे बंद होणे

एक अंडे तयार व्हायला २४ ते २६ तास लागतात आणि त्यातले सुमारे २० तास कवच बनण्यातच जातात. म्हणून अंडे घालण्याची वेळ दररोज थोडी पुढे सरकते आणि मध्ये एखादा दिवस खाडा पडतो. नव्या तलंगेची पहिली अंडी लहान असतात, कधी दोन बलकांची तर कधी नुसत्या कातडीची. यात घाबरण्यासारखे काही नसते. दिवसातून दोनदा अंडी गोळा करावीत. फुटलेले अंडे तसेच पडून राहिले तर कोंबड्यांना अंडी खाण्याची सवय लागते आणि ती मोडणे फार कठीण असते. कवचावर नैसर्गिक संरक्षक लेप असतो, तो धुतल्याने जातो. स्वच्छ अंडी न धुता ठेवावीत. धुतलीच तर फ्रिजमध्ये ठेवून लवकर वापरावीत. कोंबड्यांना किंवा अंड्यांना हात लावल्यावर साबणाने हात धुण्याचा नियम मुलांनाही लावावा, कारण निरोगी दिसणारी कोंबडीसुद्धा साल्मोनेला जंतू पसरवू शकते.

अंडी अचानक बंद झाली की नवशिके आजाराची शंका घेतात, पण कारणे बहुधा साधी असतात. चांगल्या उत्पादनासाठी १४ ते १६ तासांचा उजेड लागतो, त्यामुळे दिवस लहान झाले की अंडी घटतात. वर्षातून एकदा पिसे झडून नवी येतात आणि ते दोन-तीन महिने शरीर प्रथिने पिसांकडे वळवते. या काळात खाद्यातली प्रथिने वाढवावीत आणि पक्ष्याला उगीच हाताळू नये, कारण उगवत्या पिसांत रक्त असते आणि ती दुखतात. कोंबडी खुडूक झाली, म्हणजे अंडी उबवायला बसू लागली, तर ती खोक्यातून हलत नाही, अंग फुगवून गुरगुरते. फलित अंडी असतील तर तिला २१ दिवस बसू द्यावे. नसतील तर खालून हवा लागेल अशा जाळीच्या तळाच्या पिंजऱ्यात दाणा-पाण्यासह काही दिवस ठेवले की खुडूकपणा उतरतो. तिला तशीच बसू दिली तर ती खाणे-पिणे कमी करून खंगते.

उन्हाळ्यात कवच पातळ होते, त्याचेही कारण समजून घ्यावे. कोंबडीला घामाच्या ग्रंथी नसतात, ती धापा टाकून शरीर थंड करते. धापांबरोबर रक्तातला कार्बन डायऑक्साइड निघून जातो आणि कवचासाठी लागणारा कार्बोनेट कमी पडतो. या दिवसांत केवळ कॅल्शियम वाढवून भागत नाही. सावली, गार पाणी आणि उभे राहण्यासाठी ओलसर जमीन द्यावी लागते. पारा ३५ अंशांच्या वर गेला की जड जातींचे पक्षी तासाभरात दगावू शकतात. निपचित पडलेल्या कोंबडीचे पाय साध्या पाण्यात बुडवावेत, बर्फाच्या पाण्यात नव्हे.

आजार

जखमी किंवा आजारी पक्ष्यासाठी एक वेगळा, उबदार पिंजरा आधीपासून तयार ठेवावा. लसीकरणाचे वेळापत्रक पशुवैद्याकडून घ्यावे. सर्वसाधारणपणे मरेक्सची लस पहिल्या दिवशी, राणीखेत म्हणजे मानमोडीची पहिली मात्रा पहिल्या आठवड्यात, गंबोरोची दुसऱ्या आठवड्याच्या सुमारास आणि देवीची सहा ते आठ आठवड्यांच्या वयात देतात. मानमोडीवर औषध नाही. पिल्लांच्या विष्ठेत रक्त दिसले आणि ती पिसे फुगवून बसू लागली तर रक्ती हगवणीचा संशय घ्यावा. ती ओल्या भुशात वाढते आणि वेळेवर औषध दिले तर बरीच पिल्ले वाचतात. रात्री कोंबड्या खुराड्यात जायला नाखूश दिसल्या, तर विजेरी घेऊन दांडीच्या फटी पाहाव्यात. दिवसा फटींत लपणारे लाल माइट रात्री बाहेर येऊन रक्त पितात. पक्ष्यावर उपचार करून फटी तशाच सोडल्या तर काहीच साधत नाही.

शेपूट खाली पाडून, पेंग्विनसारखी उभी राहून वारंवार जोर करणाऱ्या कोंबडीचे अंडे अडकलेले असू शकते. तिला कोमट पाण्यात पोटापर्यंत बसवून शांत, अंधाऱ्या जागी ठेवावे आणि काही तासांत सुटका झाली नाही तर पशुवैद्याकडे न्यावे. पोट दाबून अंडे फोडण्याचा प्रयत्न करू नये. काही कोंबड्या बऱ्या होणार नाहीत. त्यांचे हाल लांबवू नयेत, आणि ते काम आपल्याकडे कोण करणार, पशुवैद्य की अनुभवी शेजारी, हे त्या दिवसाआधी विचारून ठेवावे.

एकाएकी अनेक पक्षी मेले, तुरे निळे पडले किंवा डोकी सुजली, तर बर्ड फ्लूची शक्यता गृहीत धरावी. मेलेल्या पक्ष्यांना उघड्या हातांनी स्पर्श करू नये, एकही पक्षी किंवा अंडे बाहेर देऊ नये आणि पशुसंवर्धन विभागाला ताबडतोब कळवावे.

शिकाऱ्याने नेलेली कोंबडी

जागा साफ करण्यापूर्वी खुणा पाहाव्यात. मोकळ्या जागेत पिसांचा ढीग आणि बाकी काही नाही, तर बहुधा शिकारी पक्षी. अनेक कोंबड्या मारून तशाच टाकलेल्या, तर अनेकदा कुत्रा. जाळीलगत केवळ डोके किंवा पंख नसलेला मृतदेह, तर जाळीतून पंजा घालणारा प्राणी. एकदा यश मिळालेला शिकारी त्याच वाटेने पुन्हा येतो, सहसा पुढच्या एक-दोन रात्रींतच. म्हणून दुःख करण्याआधी ती वाट त्याच दिवशी बंद करावी. मेलेला पक्षी पाण्याच्या स्रोतापासून दूर, किमान दोन-तीन फूट खोल पुरावा आणि वर चुना टाकावा. उघड्यावर किंवा उथळ पुरलेला पक्षी पुढच्या शिकाऱ्याला आमंत्रण देतो.

उरलेल्या कोंबड्या काही दिवस बाहेर यायला कचरतात, अंडी थांबतात आणि थव्याची उतरंड नव्याने ठरेपर्यंत भांडणे होतात. म्होरकी गेली असेल तर ती अधिक काळ चालतात. या गडबडीत लगेच नवे पक्षी आणू नयेत. थवा स्थिरावल्यावर किमान दोन पक्षी एकदम आणावेत, कारण एकट्या नवख्या कोंबडीला सगळ्या मिळून टोचतात. आधी त्यांना दोन ते चार आठवडे पूर्ण वेगळे, शक्य तितके दूर ठेवावे आणि त्यांचे काम जुन्या पक्ष्यांनंतर करावे, म्हणजे लपलेला आजार आपल्या हातापायांवरून पसरणार नाही. नंतर आठवडाभर मध्ये जाळी ठेवून दोन्ही गट एकमेकांना दिसतील असे शेजारी ठेवावेत. जाळी काढल्यावर दाणा-पाण्याची भांडी किमान दोन आणि परस्परांपासून लांब असावीत, आणि पळून आडोशाला जाता येईल अशा फळ्या किंवा फांद्या आवारात टाकाव्यात. थोडी टोचाटोची होणारच. तीत हात घालू नये. रक्त आले तर मात्र जखमी कोंबडीला तत्काळ बाजूला घ्यावे आणि जखम भरल्यावर परत सोडताना जाळीचा आठवडा पुन्हा करावा.